फोटोतून पुसलेली खाण

आमच्या गच्चीवरून एक डोंगर दिसतो. संगमनेरच्या चहूबाजूंनी असे कितीतरी आहेत. त्याच्यावर किल्ला नाही, लेणी नाहीत, ट्रेकवाल्यांच्या यादीत तो कधी येत नाही. 2019 च्या दिवाळीत मी त्याचा एक फोटो काढला. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता, त्यामुळे एरवी दसऱ्यालाच पिवळा पडणारा डोंगर अजून हिरवा होता. सकाळी साडेसहाची वेळ, पायथ्याला धुकं, वर कोवळं ऊन. फोटो झकास आला. अडचण एकच होती. डोंगराच्या उजव्या खांद्यावर पोकलेनने खरवडलेला तांबूस चट्टा होता आणि त्याच्याखाली एक हायवा उभा होता. मी हीलिंग ब्रश घेतला आणि चार मिनिटांत खांदा हिरवा करून टाकला.

त्या चार मिनिटांबद्दल मला लिहायचं आहे. पण एडिटिंग म्हणजे पाप, असं काही मला म्हणायचं नाही, म्हणून आधी थोडी दुसरी बाजू.

मी फोटो काढायला लागलो तेव्हा माझे डोंगर फार वाईट यायचे. दुपारी बारा वाजता भंडारदऱ्याला पोचायचं, गाडीतून उतरायचं, फोन वर करायचा. आकाश पांढरंफटक आणि डोंगर काळा ठिक्कर. वाटायचं, कॅमेरा महागडा हवा. मग कळलं की दोष उन्हाच्या वेळेचा आहे. सह्याद्री म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. त्या थरांच्या पायऱ्या दिसायच्या तर ऊन बाजूने, तिरपं पडायला हवं. डोक्यावरचं ऊन सगळ्या पायऱ्या सपाट करून टाकतं. तोच रतनगड सकाळी सात वाजता बघा, प्रत्येक थराखाली सावलीची रेघ असते. हवाही महत्त्वाची. मे महिन्यात आमच्याकडे धुळीने दहा किलोमीटरवरचा डोंगर राखाडी दिसतो, आणि पहिल्या दोन-तीन पावसांनंतर त्याच डोंगरावरचं झाड न झाड मोजता येतं. बाकीच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. लेन्स शर्टाला पुसून घ्या (निम्मे ‘धुकट’ फोटो बोटांच्या ठशांमुळे येतात). फोन दगडावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा. आकाश जळणार नाही इतका एक्स्पोजर कमी ठेवा, सावल्या नंतर उचलता येतात. जळून पांढरं झालेलं आकाश मात्र कुठलाही स्लायडर परत आणत नाही. आणि डोंगर मोठा दिसायला हवा असेल तर फोटोत कुठेतरी एक माणूस येऊ द्या.

हे शिकल्यावर एडिटिंगकडे बघायची नजरही बदलली. कोकणकड्यावर उभं राहिल्यावर आपले डोळे आधी उजेडाकडे जातात, मग दरीत उतरतात, आणि दर वेळी बाहुली लहान-मोठी होऊन जुळवून घेते. कॅमेऱ्याला हे सगळं एका क्षणात, एकाच मापाने टिपावं लागतं. तेव्हा सावल्या उचलणं आणि उजेड दाबणं म्हणजे डोळ्याने जे केलं तेच हाताने करणं. यात खोटं काही नाही. उलट ‘नो फिल्टर’ असा हॅशटॅग लावणारे मला जास्त भाबडे वाटतात. तुमच्या फोनने बटण दाबल्याबरोबर अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, आकाश वेगळं आणि जमीन वेगळी उजळलेली असते. संध्याकाळचा केशरी उजेड पुष्कळदा तो परस्पर ‘दुरुस्त’ करून पांढरा करतो. एडिट झालेलाच असतो फोटो. फक्त कुणी केला हे तुम्हाला विचारलेलं नसतं.

डोंगरांचे फोटो म्हटलं की अॅन्सेल अॅडम्सचं नाव निघतंच. 10 एप्रिल 1927 ला तो अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये हाफ डोम नावाच्या सुळक्यासमोर उभा होता. शेवटच्या दोन काचा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की आपल्याला जे जाणवतंय ते यात उतरणार नाही. दुसऱ्या काचेसाठी गडद लाल फिल्टर लावला. त्याने आकाश जवळजवळ काळं झालं आणि दगडाची भिंत त्यावर उसळून आली. तसं काळं आकाश त्या दिवशी तिथे कुणालाही दिसलं नसणार. तरी तो फोटो बघून फसवणूक झाली असं मला वाटत नाही. 1941 मध्ये हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो त्याने काढला, आणि पुढची कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हच्या नव्या प्रती काढताना तो आकाश अधिकाधिक काळं करत गेला. तीही त्याची मर्जी. गाणारा तोच राग वयानुसार वेगळा गातो, तसं.

पण अॅडम्सचा तिसरा फोटो माझ्या घशात अडकतो. 1944 चा, सिएरा नेवाडाच्या हिवाळी सूर्योदयाचा. समोरच्या काळ्या टेकडीवर लोन पाइन गावच्या शाळेतल्या पोरांनी पांढऱ्या दगडांनी ‘एल पी’ अशी मोठाली अक्षरं मांडलेली होती. अॅडम्सने ती निगेटिव्हमधून आणि प्रतींमधून घालवली. यावर टीका झाली तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं की ती अक्षरं म्हणजे डोंगरावरचा ओरखडा आहे, आणि तो जपून ठेवण्याइतका मी शुद्धतावादी नाही.

मला हे वाचून आधी फार बरं वाटलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाने डोंगरावरचा डाग पुसला, मग मी पुसला तर काय बिघडलं?

बिघडलं ते असं. माझा फोटो जवळच्या गावातल्या एका मंडळाने 2020 च्या कॅलेंडरवर छापला. खाली ओळ होती, ‘दिवाळी 2019’. माझं नाव बारीक अक्षरात कोपऱ्यात. मी कौतुकाने चार प्रती घरी आणल्या, एक मित्राच्या आजोबांना दिली. सगळे त्यांना तात्या म्हणतात, त्यांचं शेत डोंगराच्या पायथ्याला आहे. त्यांनी कॅलेंडरचं पान कापून फ्रेम करून घेतलं.

दोनेक वर्षांनी गावकऱ्यांनी त्या खाणीविरुद्ध तक्रार केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : परवानगी 2020 मधली आहे आणि खोदकाम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, म्हणजे आधी काढलेला सगळा मुरूम बेकायदा. पंचनामा झाला, मोजणी झाली. मोजणीत किती खोदलं ते कळतं, पण खोदायला कधी सुरुवात झाली ते कळत नाही. एका पोराने उपग्रहाचं जुनं चित्र शोधून आणलं. त्यातली एक तारीख फार अलीकडची होती आणि आधीच्या तारखेच्या चित्रात नेमका तो खांदा ढगाखाली. मग सुनावणीच्या दिवशी समोरच्या बाजूने एक कागद पुढे केला. तो माझा फोटो होता. ‘दिवाळी 2019’. डोंगराचा उजवा खांदा हिरवागार, खोदकामाचा मागमूस नाही.

मला हे त्याच संध्याकाळी कळलं. तात्यांनी घरी बोलावलं. ओसरीवर बसलो, चहा आला. त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या मांडीवर ठेवली.

“हा फोटू तू खरंच दिवाळीत काढला ना रे?”

“हो, तात्या.”

“मग ह्यात खाण कुठंय? पाडव्याला मी स्वतः तिकडून बैल घेऊन आलो. चांगली चालू होती.”

मी सांगितलं. पुसली म्हणून सांगितलं. त्यांना आधी समजेचना. काच पुसतात तशी का, असं विचारलं. मग मी फोनवर दुसऱ्या एका फोटोतला विजेचा खांब बोटाने घासून नाहीसा करून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, “असं व्हतंय व्हय.”

मूळ फोटो माझ्याकडे नव्हता. जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की मी चांगले फोटो एडिट करून ठेवायचो आणि कार्ड फॉरमॅट करायचो. मी लेखी जबाब दिला की फोटोत मी बदल केला आहे, त्या जागी खोदकाम दिसत होतं. सही केली. पण त्या कागदाची किंमत किती? फोटोत मी खोटं बोललो असं सांगणारा माणूस आता म्हणतोय की माझ्यावर विश्वास ठेवा. समोरचे वकील हेच म्हणाले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. मी त्या दिवशी ब्रश न वापरता कॅमेरा थोडा डावीकडे वळवला असता, तर? चट्टा फ्रेमच्या बाहेर गेला असता. खाण तशीही दिसली नसतीच. मग पुसण्यात आणि वगळण्यात फरक काय?

माझं उत्तर असं आहे, आणि ते पूर्ण नाही हे मला माहीत आहे. फोटोला कडा असते. बघणाऱ्याला ठाऊक असतं की कडेपलीकडे जग चालू आहे, आणि तिकडे काय आहे याबद्दल फोटो गप्प आहे. डावीकडे वळवलेला फोटो त्या खांद्याबद्दल काहीच बोलला नसता. सुनावणीत तो कुणाच्याच कामाचा नव्हता. पुसलेला फोटो मात्र त्या जागेवर बोट ठेवून सांगतो, इथे गवत आहे. हा फरक मला खरा वाटतो. तरी वगळणं निर्दोष आहे, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर मुंगीच्या रांगेसारखी माणसं असतात. शिखरावर जेमतेम कोपर टेकायला जागा मिळते. पण 1646 मीटरवरून काढलेल्या फोटोंत बहुतेकदा एकच माणूस, दोन्ही हात पसरून, ढगांसमोर उभा. प्रत्येक फोटोने फक्त मान वळवलेली असते. सगळे मिळून मात्र खोटं बोलतात.

शिवाय आपण काय वगळतो, काय पुसतो, याची यादी करून बघा. मी माझी केली. विजेच्या तारा, पत्र्याची छपरं, निळी ताडपत्री, पाण्याचा टँकर, शेणाच्या गोवऱ्यांचा ढीग, टपरी. आपल्या फोटोतला ‘स्वच्छ’ डोंगर म्हणजे तिथे राहणारी माणसं काढून टाकलेला डोंगर. अकोले तालुक्याच्या त्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर लोक किती पिढ्या राहतात. 1986 मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, तेव्हाही गावं तिथेच होती. एकदा कळसूबाईच्या वाटेवर एका बाईंकडे लिंबू सरबत प्यायलो आणि त्यांना नुकताच काढलेला फोटो दाखवला. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी फोन जवळ घेऊन दोन बोटांनी मोठा केला. “भाऊ, आमचं हाटेल नाय का आलं यात?” आलं होतं. मी कापलं होतं.

तुम्ही म्हणाल, बातमीचा फोटो वेगळा आणि कलेचा वेगळा. बातमीत काही पुसू नये, कलेत सगळं चालतं. मीही बरीच वर्षं याच भिंतीला टेकून बसलो होतो. माझा डोंगर काही बातमी नव्हता. पण फोटोला आपल्या कप्प्यात राहा असं सांगता येत नाही. कुणीतरी तो कॅलेंडरवर छापतं, कुणीतरी पुरावा म्हणून पुढे करतं, कुणीतरी तो बघून दोनशे किलोमीटर गाडी चालवत येतं. काजव्यांचंच घ्या. मे अखेर ते जूनमध्ये भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे झाडंच्या झाडं पेटवल्यासारखे लुकलुकतात. बघण्यासारखं दुसरं काही नाही. पण आपण बघतो ते काजव्यांचे फोटो बहुतेक वेळा लांब एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेले असतात. अर्ध्या तासाचे सगळे ठिपके एका क्षणात. ते चित्र डोक्यात घेऊन पुण्या-मुंबईहून माणसं येतात, प्रत्यक्षात अंधार जास्त आणि ठिपके कमी दिसतात, मग कुणी गाडीचे हेडलाइट लावतं, कुणी झाडाजवळ जाऊन टॉर्च मारतं. उजेडात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत, आणि ते इशारे जोडीदार शोधण्यासाठीच असतात. वनविभागाला बंधनं घालावी लागतात. फोटो काढणाऱ्याने एक ओळ खाली लिहिली असती, ‘एवढ्या फ्रेम, एवढी मिनिटं’, तर सगळं थांबलं असतं असं नाही. पण निदान गाडीतल्या एखाद्याने म्हटलं असतं, अरे, डोळ्याला असं नाही दिसायचं, जरा वेळ बसू.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. थंडगार पाण्यात शिवलिंग आणि भोवती चार खांब. त्यांतला एकच धड आहे, बाकीचे तुटलेले. लोक म्हणतात, एकेक खांब म्हणजे एकेक युग, हा शेवटचा पडला की जग संपलं. माझ्या एका विद्यार्थ्याने (मी सुट्टीत पोरांना फोटो काढायला शिकवतो) एआय वापरून तिन्ही खांब पूर्ण करून आणले. छान जमले होते, दगडाचा पोतसुद्धा जुळला होता. त्याला विचारलं, आता या गुहेची गोष्ट कशी सांगशील? तो हसला. मग थोडा ओशाळला. 2020 पासून फोटोशॉपमध्ये एका क्लिकवर आकाश बदलता येतं, आता खांबही उभे राहतात. या पोरांना माझ्या चार मिनिटांचंही हसू येतं.

त्याच गडावरून कधीकधी इंद्रवज्र दिसतं. दरीत ढग भरलेले, पाठीवर ऊन, आणि समोर ढगावर आपलीच सावली, तिच्या डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या या गोल धनुष्याची नोंद 1835 मध्ये केली. फोटोग्राफी जगासमोर यायला अजून चार वर्षं होती. त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं, फक्त शब्द. तरी आज आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण सूर्य पाठीशी आणि ढग पायाखाली असताना तिथे जाऊन कुणीही पडताळून बघू शकतं. फोटो आला तेव्हा सांगणाऱ्याची गरज संपली असं सगळ्यांना वाटलं. चित्रच बोलतं म्हणाले. दीडशे-पावणेदोनशे वर्षं तसं चाललं. आता पुन्हा साइक्सच्या काळासारखं झालं आहे. चित्राकडे बघून काही कळत नाही, कुणी सांगितलं आणि तो काय काय सांगायला तयार आहे, एवढंच उरतं. इंद्रवज्राची एक गंमत तर अशी की शेजारी दोन माणसं उभी असली तरी प्रत्येकाला कडं आपल्याच डोक्याभोवती दिसतं. खोटं कुणीच बोलत नसतं. फक्त मी कुठे उभा होतो, ते सांगावं लागतं.

आता मी सावल्या उचलतो, रंग थोडे वाढवतो, क्षितिज सरळ करतो आणि हे कुणाला सांगत बसत नाही. काही पुसलं किंवा घातलं तर फोटोखाली लिहितो. लाइक कमी होतात. ‘टँकर पुसला आहे’ असं लिहिलेल्या फोटोवर कोण हार्ट टाकणार? मग बऱ्याचदा टँकर राहू देतो. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवतो. महिन्यातून एकदा गच्चीच्या त्याच कठड्यावर कॅमेरा टेकवून त्याच डोंगराचा फोटो काढतो, काही एडिट न करता, आणि तारखेसकट तक्रारीची फाइल सांभाळणाऱ्या पोराला पाठवतो. चट्टा आता खांद्यावरून खाली उतरला आहे.

गेल्या दिवाळीत तात्यांकडे फराळाला गेलो. ती फ्रेम अजून भिंतीवर होती. मला ते बघवेना. म्हटलं, तात्या, हा काढा, मी तुम्हाला दुसरा देतो, खरा.

“राहू दे,” ते म्हणाले. “आम्ही ल्हान व्हतो ना, तवा आसाच व्हता त्यो.”

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच उठून फ्रेम खाली घेतली, मागचा पुठ्ठा काढला आणि नातवाच्या दप्तरातलं बॉलपेन माझ्या हातात दिलं. “मागं लिहून ठिव. काय पुसलं ते. पोरांना कळाया पाहिजे.” मी तारीख लिहिली, उजवा खांदा लिहिलं, खाण लिहिलं, हायवा लिहिलं, आणि खाली पूर्ण नाव घातलं. तात्यांनी ते एकदा मोठ्याने वाचून घेतलं आणि फ्रेम परत खिळ्याला लावली.